बाटलीवरचा पत्ता

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या बचत गटाने कोकम सरबताच्या १४० बाटल्या परत उचलल्या. गटाचे हिशेब मी लिहितो, म्हणून फोन माझ्याकडे आला. ठाण्याच्या एक बाई बोलत होत्या. झाकण फिरवताच बाटलीतून फेस उसळला आणि आंबूस वास आला. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ही बाटली कधी भरली? आणि हिच्याबरोबर भरलेल्या बाकीच्या बाटल्या कुठे गेल्या? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सरबत तीन खेपांत केलं होतं. त्यातल्या एका खेपेला रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना साखर कमी पडली, हे बायकांना आठवत होतं. साखर कमी पडली की रस आंबतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या खेपेच्या बाटल्या कुठल्या हे सांगेल असं बाटलीवर काहीच नव्हतं. लाल रतांब्याचं चित्र होतं, 'अस्सल कोकणी मेवा' अशी अक्षरं होती, खाली माझा मोबाइल नंबर होता. तारीख नाही, खेपेचा क्रमांक नाही. शेवटी दुकानांतून सगळाच माल परत आणला आणि परसात ओतला. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्या चांगल्या होत्या, याची मला आजही खात्री आहे. पण चांगली कुठली आणि वाईट कुठली हे निवडणार कशावरून?

त्या दिवसापासून मी ग्राहक संरक्षण कायदा, अन्नसुरक्षेचे नियम आणि वजनमापाचे नियम नीट वाचायला लागलो. तोवर मीही इतरांसारखंच समजत होतो, की हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आणि चुकून कधी आपल्यावर आलं तर तो शहरातल्या गिऱ्हाइकाने कोकणातल्या गरीब माणसावर उगारलेला दांडा आहे. आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे. कायदा पाकिटावर जे लिहायला सांगतो, ते नाव, पत्ता, तारीख, वजन, किंमत आणि बॅच नंबर, ते सर्वांत आधी प्रामाणिक उत्पादकाच्या उपयोगाचं आहे. इतर नियमांत सवलत मागावी, मीही मागतो. पण या सहा गोष्टींत सवलत मागणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं.

हे लिहून ठेवायची गरज आधी का वाटली नाही, याचंही कारण आहे. आठवडा बाजारात सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, विकायला बसणारी बाई कुठल्या वाडीची, कोणाची सून, हे घेणाऱ्याला माहीत असायचं. सोलं खारट निघाली, तर पुढच्या बाजारी चार माणसांदेखत तिला ऐकवलं जायचं. मुंबईला जाणारा चाकरमानी पिशवीतून आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी घेऊन जायचा, तेव्हा त्या पिशवीवर लेबल नसलं तरी ती कोणाच्या घरातून आली हे सगळ्या चाळीला माहीत असायचं. माणसाची ओळख हेच लेबल होतं. आता माल कुरिअरने जातो, पैसे क्यूआर कोडवरून येतात. पर्यटक मालवणच्या किनाऱ्यावर दोन तास थांबतो, चार पाकिटं घेतो आणि पुन्हा कधी भेटत नाही. त्याला आमची वाडी माहीत नाही, आम्हाला त्याचं गाव माहीत नाही. जुन्या विश्वासाच्या गोष्टी सांगून हा व्यवहार चालायचा नाही. तो विश्वास ज्या ओळखीवर उभा होता, ती ओळखच मधून निघून गेली आहे.

गटातल्या एका काकीने मला तेव्हा विचारलं होतं, "बाटलेर तारीख कित्याक? गिरायक चव बघता, कागद नाय." प्रश्न खरा होता. चव चांगली असेपर्यंत कागद कोणी बघत नाही. पण चव बिघडली की पहिली नजर कागदावरच जाते, आणि तिथे काही सापडलं नाही, तर सगळा दोष त्या प्रदेशाच्या नावावर जातो. 'कोकणातलं सरबत खराब निघालं' असं ठाण्यातली बाई म्हणाली असती, तर तिचं काय चुकलं असतं?

आता कायद्याकडे येतो. १९८६ चा जुना कायदा रद्द होऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन बदलांकडे आमच्या भागाने अजून नीट पाहिलेलं नाही. पहिला बदल तक्रारीच्या जागेचा. पूर्वी विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल, तिथे तक्रार करावी लागायची. आता ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. वेंगुर्ल्याचा काजू पुण्यात गेला, तर तक्रार पुण्यात होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही.

दुसरा बदल उत्पादन दायित्वाचा, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. सदोष वस्तूमुळे कोणाला इजा झाली, आजारपण आलं, तर भरपाई कोणी द्यायची, याचं स्वतंत्र प्रकरणच या कायद्यात आहे. साधारणपणे जबाबदारी बनवणाऱ्याची. पण विकणारा काही परिस्थितींत त्यात सापडतो. त्यातली एक अशी, की वस्तू कोणी बनवली हेच कळत नसेल, किंवा कळलं तरी त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल, तर उत्पादकाच्या जागी विक्रेत्याला उभं राहावं लागतं.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या टपऱ्यांकडे या नजरेने एकदा बघा. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, बिनानावाच्या पिशव्यांतला मालवणी मसाला, साध्या कागदात गुंडाळलेली आंबापोळी. टपरीवाला हे सगळं पाच-सहा घरांतून आणतो. घर चालवायला आणतो, त्यात त्याची लबाडी काही नाही. पण त्यातल्या एका बाटलीने कोणाचं पोट बिघडलं, तर बनवणाऱ्या घराचं नाव कुठेच नाही, आणि सगळा भार टपरीवाल्याच्या डोक्यावर. पाकिटावर उत्पादकाचं नाव नको म्हणणारा टपरीवाला न वाचता दुसऱ्याच्या चुकीखाली सही करून ठेवतो. आणि नाव असेल, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट त्या घराला फोन करेल, ही जी भीती अनेक दुकानदारांच्या मनात आहे, तिच्यासाठी तो केवढा धोका पत्करतो आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

नावावरून हापूसकडे आलंच पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच फळाला ते नाव लावता येतं. त्यानंतर दर मार्चमध्ये आम्ही ओरड करतो, की कर्नाटकातला आंबा पेटीत भरून 'देवगड हापूस' म्हणून विकला जातो. ओरड रास्त आहे. शेवटी मार आपल्या बागायतदारालाच बसतो, कारण तो फवारणीचा, राखणीचा आणि मजुरीचा खर्च इथल्या दराने करतो आणि खोट्या देवगडच्या भावाशी झुंजतो. पण यातला अर्धा भाग आम्ही दाबून ठेवतो. त्या पेट्या काही सगळ्या बाहेरचे लोकच भरत नाहीत. आपल्यातले काहीजण बाहेरचा आंबा आणून आपल्याच आढीत, म्हणजे आंबे पिकवायच्या गवताच्या थरात, घालतात, पेटीत वरचा थर आपला, खालचा बाहेरचा. हे बागायतदारांच्या बैठकीत सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणी उठून बोलत नाही.

कायदा इथे फळ कुठून आलं तेवढंच विचारतो, विकणारा इथला की बाहेरचा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. खोटं मूळ सांगून केलेली जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात, आणि २०२० पासून काम करणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्याबद्दल दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. तक्रारीची वाट पाहणंही त्याला बंधनकारक नाही. या अधिकाराचा वापर हापूसच्या खोट्या पाट्यांवर झाला, तर मला आनंदच होईल, मग पाटी वाशीतली असो की आमच्या तालुक्यातली. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं. फळागणिक स्टिकर लावणं हे किती जिकिरीचं काम आहे, हे पॅकिंग केलेल्या माणसालाच कळेल. तरी ते त्यांनी हाती घेतलं, कारण फळाचं नाव सिद्ध करता आलं नाही तर ते आपलं राहत नाही, हे त्यांनी ओळखलं.

काजूचं दुखणं थोडं वेगळं. वेंगुर्ला काजूलाही मानांकन आहे. पण इथले कारखाने वर्षभर चालवायला इथली बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून बी येते आणि इथे फोडली जाते. त्यात वाईट काही नाही. शेकडो बायकांच्या हाताला त्यावर काम मिळतं. सोलणीचं आणि प्रतवारीचं कौशल्य इथलं, आणि ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर हा हिशेब या बायकांच्या बोटांत बसलेला असतो. चूक होते ती पाकिटावर 'वेंगुर्ला काजू' छापताना. 'आयात केलेल्या बीपासून सिंधुदुर्गात प्रक्रिया केलेले काजूगर' असं खरं लिहिलं, तर विक्री बुडेल असं कारखानदारांना वाटतं. मला तसं वाटत नाही. उलट ज्याच्याकडे खरोखर इथली बी आहे, त्याला तिचा भाव आज मिळत नाही, कारण दोन्ही पाकिटांवर एकच नाव आहे.

हे सगळं म्हणताना एका बाबतीत मला आंब्याच्या बागायतदाराची बाजू मनापासून पटते, ती म्हणजे साका. हापूस बाहेरून निर्मळ, सोनेरी, सुगंधी, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. तो बाहेरून ओळखता येत नाही. चौदा आणे, म्हणजे पूर्ण पक्व व्हायला थोडंच राहिलेलं, फळ काढलं, उन्हात राहू दिलं नाही, तर साक्याचं प्रमाण कमी होतं, पण शून्य होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' ही साका न होणारी जात दिली, तरी बाजार हापूसच मागतो. मग साका निघाला तर तो दोष कोणाचा? बागायतदाराने फसवलं असं म्हणता येत नाही, आणि गिऱ्हाइकाने पैसे तर चांगल्या आंब्याचे दिले आहेत.

अनेकजण यावर पेटीत चिठ्ठी टाकतात: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' या एका ओळीने आपण सुटलो असं त्यांना वाटतं. कायदा वेगळं सांगतो. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसांत. आंब्याला तीस दिवस म्हणजे काहीच्या काही. पण मुदत लिहिण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि ती कोणी वापरत नाही. बिलावर स्पष्ट लिहा: हापूसमध्ये साका निघू शकतो, तो बाहेरून कळत नाही, पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देऊ किंवा तेवढे पैसे परत करू. माझ्या ओळखीचे दोन बागायतदार असं करतात. त्यांच्याशी कोणी भांडत नाही. गिऱ्हाइकाला निसर्गाचा दोष समजतो. त्याला चीड येते ती आधी न सांगितल्याची. आणि त्यासाठी मुळात बिल द्यावं लागतं, जे आमच्याकडे पेटीबरोबर जवळपास कोणीच देत नाही. बिल न देणं हीदेखील कायद्याने अनुचित प्रथाच आहे.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्यांचा एक समज मला वारंवार ऐकू येतो: आम्ही काही ऑनलाइन कंपनी नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम वैयक्तिक, अधूनमधून केलेल्या विक्रीला लागू नाहीत, हे खरं. पण जो दर हंगामाला ग्रुपवर दर टाकतो, आगाऊ पैसे घेतो आणि शंभर पेट्या पाठवतो, त्याचं काम नियमित व्यवसायाचंच आहे. त्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. हंगाम संपला की फोन बंद करून ठेवणारे विक्रेते मी पाहिले आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी आमच्याबद्दल जे काही कडवट बोलावं, त्यातलं बरंचसं त्या बंद फोनमुळे आहे.

किनाऱ्यावरच्या पाण्याच्या बाटलीबद्दल थोडक्यात. थंड करण्याचे पाच रुपये जास्त घेणं स्टॉलवाल्याला चालत नाही. छापील किमतीच्या वर विकणं नियमाने बंद आहे. हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीचं वेगळं, तिथे सेवा असते असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. टपरी म्हणजे हॉटेल नव्हे.

आता विरोधकांचं जे म्हणणं मला मान्य आहे, ते मोकळेपणाने सांगतो. पन्नास बाटल्या करणाऱ्या बाईला किती कचेऱ्या? अन्न नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक अन्न व औषध प्रशासनाकडून, वजनमापाचं वैध मापन खात्याकडून, मानांकनाचा वापरकर्ता म्हणून नोंद व्हायची तर ते कार्यालय थेट चेन्नईला. लेबलवरच्या अक्षराची उंची किती मिलिमीटर असावी इथपर्यंत नियम आहेत, आणि ते समजेल अशा मराठीत एका जागी मिळत नाहीत. तपासणीला येणारा माणूस चूक पकडायला येतो, शिकवायला कोणी येत नाही, ही तक्रारही खरी आहे. दोडामार्गच्या बाईला पुण्याच्या आयोगाची नोटीस आली, तर वकिलाचा खर्च सरबताच्या सगळ्या हंगामाहून मोठा. व्हिडिओवरून सुनावणीची आणि मध्यस्थीची सोय कायद्यात आहे, पण ती मागायची कशी हे तिला सांगणार कोण?

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. दर फेब्रुवारीत, हंगाम सुरू व्हायच्या आत, प्रत्येक पंचायत समितीत एक दिवस ही सगळी खाती एकत्र बसावीत. नोंदणी तिथेच व्हावी. सरबत, मसाला, पीठ, काजू, फणसपोळी यांच्या लेबलचे तयार मराठी नमुने तिथे मिळावेत, ज्यात फक्त नाव, पत्ता आणि तारीख भरायची. लहान उत्पादकाच्या लेबलवरची पहिली चूक नोटिशीने सुटावी, दंडाने नको. ही सवलत लिहिण्याच्या चुकीला. कार्बाइडने पिकवलेल्या आंब्याला नाही, सरबतात ओतलेल्या रंगाला नाही, आणि बाहेरच्या फळावर चिकटवलेल्या आपल्या नावालाही नाही. इथिलीनने, ठरवून दिलेल्या प्रमाणात, आंबा पिकवायची परवानगी असताना कार्बाइड वापरणाऱ्याची गरिबी मी ऐकून घेणार नाही.

बचत गटांना यंत्रासाठी कर्ज आणि अनुदान मिळतं. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत. आमच्याच तालुक्यात अशी यंत्रं आहेत, पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या बाटलीवर काय लिहायचं, हे बायका एकमेकींना विचारतात.

आमच्या गटाने त्या वर्षीच लेबल बदललं. रतांब्याचं चित्र लहान केलं. मुक्काम पोस्टासह पत्ता घातला. त्यावर थोडा वाद झाला, कारण वाडीचं नाव गावाच्या नावाआधी यावं असा त्या काकींचा आग्रह होता, आणि तो आम्ही मानला. त्याच काकी आता वहीत खेपेचा क्रमांक, तारीख, किती किलो सालींना किती साखर, आणि कुठल्या दुकानात किती बाटल्या, हे स्वतः लिहितात. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून एका दुकानदाराचा फोन आला, बाटली गळते म्हणून. काकींनी बाटलीवरचा क्रमांक विचारला, वही उघडली. चौथी खेप होती. त्या दिवशी झाकणं दुसऱ्या ठिकाणाहून आणली होती. बावीस बाटल्या परत आल्या, बाकीच्या दुकानांतच राहिल्या.